वर्ग सोडून परीक्षा विभागात जावं का? (नाशिक, शाळा प्रशासन आणि मूल्यमापन)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकला गंगापूर रोड भागातल्या एका स्वयंअर्थसहाय्यित शाळेत गेली अकरा वर्षं गणित शिकवते. राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम. वय ३५, बी.एससी. बी.एड.

मागच्या आठवड्यात संस्थेच्या सचिवांनी बोलावून विचारलं, जूनपासून परीक्षा विभाग पूर्ण सांभाळाल का? म्हणजे प्रश्नपत्रिका, वेळापत्रक, निकालपत्रकं, मंडळाची दहावीची कामं, पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षा, सगळंच. पगार थोडा वाढेल. "पुढे मुख्याध्यापकपदाचा विचार करूच," असंही म्हणाले. पण तास एकही नाही. पूर्णवेळ ऑफिस.

मला हे काम आवडतं हे आधी सांगते. निकालाच्या दिवसांत सगळे वैतागलेले असतात, मी मात्र रमते. गेल्या वर्षी आठवीतला एक मुलगा गणितात नापास होऊन पुनर्परीक्षेला आला. त्याचे सगळे पेपर काढून बघितले तेव्हा कळलं की आकडेमोड त्याची बरी आहे, शाब्दिक उदाहरण मात्र त्याला वाचताच येत नाही. तीन वर्षं त्याच्या नोंदवहीत "गणितात अधिक सराव हवा" एवढंच लिहिलेलं होतं. त्यातलं एक वर्ष माझ्या अक्षरात. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा की शाळा प्रशासन आणि मूल्यमापन यात पुढे वाट आहे का? कोणतं शिक्षण घ्यावं? आणि वर्ग सुटला की काय सुटतं? या कामात असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सह्याद्रीपायथा

ताई, मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, निफाड तालुक्यातून. आधी कायद्याचं सांगतो, कारण सचिवांच्या त्या शेवटच्या वाक्यावर तुम्ही अर्धा निर्णय घेऊन बसाल.

मुख्याध्यापकपद हे बक्षीस म्हणून द्यायची गोष्ट नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांत ते बांधलेलं आहे. माध्यमिक शाळेसाठी पदवी आणि बी.एड. लागतं, शिवाय पदवीनंतरचा पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची. ते तुमच्याकडे आहे. पण नेमणूक होते सेवाज्येष्ठतेने, आणि ज्येष्ठता ठरते नियमावलीतल्या अनुसूची 'फ' प्रमाणे. तेव्हा शाळेची ज्येष्ठता यादी मागून घ्या, तिच्यात तुमचं नाव कितवं आहे ते बघा, यादीवर सही करताना तारखा तपासा. अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त खाजगी शाळेला हे लागू आहे.

दुसरं, ज्या पदावर नेताहेत त्याचं लेखी पत्र घ्या आणि त्यात पदनाम "शिक्षक" हेच राहील असं बघा. सेवेचा धागा मध्ये तुटला तर पुढे जोडताना फार त्रास होतो. एका चांगल्या शिक्षिकेचं असं झालेलं मी पाहिलंय. दोन वर्षं "समन्वयक" म्हणून नेमणूक दाखवली गेली आणि ती दोन वर्षं अध्यापनाची आहेत हे सिद्ध करत बाई वर्षभर फिरल्या.

तिसरं मनातलं. मुख्याध्यापक झाल्यावरही मी नववीचा मराठीचा तास सोडला नाही. शाळेत पट, संचमान्यता म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, शालार्थवरची पगाराची बिलं, यू-डायसवर सरकारला द्यायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी असं करता करता दिवस कधी सरतो कळत नाही. त्या एका तासामुळे मला कोणतं पोर आठ दिवस आलं नाही हे हजेरीपत्रक न बघता ठाऊक असायचं. एक तास मागून घ्या. तेवढ्यावर अडून बसलात तरी चालेल.

दाखलखारीज

मी लिपिक आहे, त्र्यंबक बाजूच्या एका जुन्या अनुदानित शाळेत. प्रशासनाचं बोलणं निघालं की मुख्याध्यापक आणि अधिकारी एवढेच डोळ्यासमोर येतात, म्हणून लिहितो.

शाळेतलं सर्वांत मोलाचं पुस्तक म्हणजे जनरल रजिस्टर. मूल दाखल झालं की त्यात नाव, आईवडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात, आधीची शाळा. सोडलं की तारीख आणि कारण. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. मूल शाळा सोडून गेल्यावर जन्मतारीख किंवा जात शाळेला मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. म्हणजे पहिल्या दिवशी जे लिहिलं ते त्या मुलाला जन्मभर पुरतं.

आमच्याकडे महादेव कोळी वस्ती बरीच. जात पडताळणीला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. गरीब माणसाकडे तेव्हाचा कागद कुठून येणार? जमीन नाही, सातबारा नाही. असतो तो एकच, आजोबांचा शाळेतला दाखला. आणि त्या काळच्या गुरुजींनी घाईत नुसतं "कोळी" लिहून ठेवलेलं असतं. नुसता कोळी वेगळा आणि महादेव कोळी वेगळा. दोन शब्दांतला एक शब्द न लिहिल्याने नातवाचा इंजिनिअरिंगचा प्रवेश अडतो.

चार वर्षांपूर्वी एक मुलगी आजोबांना घेऊन आली. आजोबांच्या नोंदीत "कोळी". मी तीन दिवस संध्याकाळी थांबून मागची रजिस्टरं काढली. काही पानं मोडी लिपीत, काही वाळवीने खाल्लेली. आजोबांचे थोरले चुलते दोन वर्षं शाळेत होते, त्यांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात "म. कोळी", आणि खाली गाव. साक्षांकित उतारा दिला. पुढे तिचं काम झालं. पेढे घेऊन आली तेव्हा मी आधी त्या पानाला हात जोडले.

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हाही शाळांची हीच रजिस्टरं बाहेर आली. ताई, तुम्ही परीक्षा विभागात या नाहीतर कुठेही या, पण एक लक्षात ठेवा. रजिस्टरात किंवा निकालपत्रकात व्हाइटनर कधी लावायचा नाही. चूक झाली तर एका रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर लिहून मुख्याध्यापकांची सही आणि तारीख.

मखमलाबादकर

दादा, वाचून डोळे भरले. आमच्या वडिलांच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे, गावातल्या निम्म्या लोकांची तीच. गुरुजी शाळा सुरू व्हायच्या वेळची तारीख टाकून द्यायचे.

दाखलखारीज

हो, हे सगळीकडे सापडतं. ते चूक म्हणूनही लिहीत नसत. आईला दिवस आठवत नसे, "भात लावणीच्या वेळी झाला" एवढंच सांगायची.

सातपूरवाला

थोडं वेगळं लिहितो. माझी पत्नी सात वर्षं एका शाळेत परीक्षा विभाग बघत होती, गेल्या वर्षी सोडलं. मार्च ते जून घरी येण्याची वेळ नाही. पेपर फुटला तर नाव तिचं, निकाल चांगला लागला तर नाव वर्गशिक्षकाचं. पालक गुणांसाठी भांडायला येतात तेही तिच्याकडेच. संस्थेचे एक पदाधिकारी नातेवाइकाच्या मुलाचे अंतर्गत गुण वाढवा म्हणून मागे लागले होते. दहावीला लेखी ८० आणि अंतर्गत २०, त्या वीसवर सगळ्यांचा डोळा. तिने नाही म्हटलं, त्यानंतरचं वर्ष फार अवघड गेलं. पगारवाढीचा आकडा बघून हो म्हणू नका. "नाही" म्हणायच्या दिवशी मुख्याध्यापक पाठीशी उभे राहतील का, हे आधी ओळखा.

सह्याद्रीपायथा

सातपूरवाला, वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी योग्यच केलं.

प्रश्नपेढी

मी आठ वर्षं शिक्षक होतो. आता प्रश्न तयार करणं, तपासणं आणि निकालाचं विश्लेषण हेच काम करतो, इंदिरानगरमधल्या घरातून. गोदाकाठची ताई, तुम्ही त्या आठवीच्या मुलाबद्दल जे केलंत ते मूल्यमापनच आहे. बाकीची असते ती गुणांची बेरीज.

बी.एड.ला आपण सगळ्यांनी संविधान तक्ता केला. कोणत्या घटकाला किती गुण, ज्ञानाला किती, आकलनाला किती, उपयोजनाला किती. पाठाच्या फाइलपुरता केला आणि विसरलो. पेपर काढण्याआधी तो खरोखर करून बघा. बहुतेक शाळांच्या चाचण्यांत उपयोजनाचा रकाना रिकामा निघतो, नाहीतर पुस्तकातलंच उदाहरण आकडे बदलून त्यात बसवलेलं असतं.

पेपर झाल्यावर काय करायचं? समजा वर्गात ४० मुलं. पेपर गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढा, म्हणजे अकरा आणि अकरा. आता एकेक प्रश्न घ्या. "०.३ आणि ०.२५ यांत मोठी संख्या कोणती?" वरच्या अकरांत दहा जणांचं बरोबर, खालच्या अकरांत तिघांचं. बावीसपैकी तेरा, म्हणजे काठिण्यमूल्य (किती जणांना प्रश्न आला) ०.५९. फरक सातचा, त्याला अकराने भागलं की भेदनमूल्य (वरच्या आणि खालच्या मुलांत प्रश्न किती फरक दाखवतो) ०.६४. प्रश्न उत्तम. पण इथे थांबू नका. खालच्या आठ जणांनी ०.२५ का लिहिलं? कारण पंचवीस तीनापेक्षा मोठे. त्यांना दशांश अपूर्णांकाचा सराव देऊन उपयोग नाही, दशांश चिन्हानंतरच्या घरांची किंमत त्यांना कळलेलीच नाही. सोमवारी काय शिकवायचं ते त्या आठ पेपरांनी सांगितलं.

आणि एखादा प्रश्न असा निघतो की खालच्यांना येतो आणि वरच्यांना येत नाही. तिथे मुलांकडे बघू नका, आधी प्रश्न आणि उत्तरसूची तपासा.

कामाचं म्हणाल तर शाळांना, प्रकाशकांना, शिक्षणात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना चांगला प्रश्न लिहिणारी माणसं हवी असतात. मराठीत नीट प्रश्न लिहिणारे तर फार थोडे, बहुतेक इंग्रजीतून उचललेले असतात. एनसीईआरटीत २०२३ मध्ये 'परख' ही मूल्यमापनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. डिसेंबर २०२४ च्या तिच्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची मुलं होती. समग्र प्रगतिपत्रकाचं कामही तिच्याकडेच आहे. तुमच्याकडे एक्सेल, मुलांच्या चुकांची नोंद आणि गणित हे तीन असतील तर तुम्ही निम्म्या वाटेवर आहात.

सुरगाणा_मास्तर

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, सुरगाणा तालुका. गुजरात सीमा हाकेच्या अंतरावर.

आमच्याकडे मूल्यमापनाचा प्रश्न निराळा आहे. दिवाळी झाली की अर्धा गाव दिंडोरी, निफाडला द्राक्षबागांत. ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग, पुढे काढणी. आईबापांबरोबर मुलंही जातात. संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या चाचणीला माझ्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. शिक्षण हमी कार्ड देतो आम्ही, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. कार्ड देऊन मी थांबत नाही, बागाईतदाराला फोन लावून "शाळा किती लांब आहे?" विचारतो. दोन वर्षांत नऊ मुलं अशी तिकडच्या शाळेत बसली.

आणि भाषा. घरी कोकणा बोली, पुस्तकात प्रमाण मराठी. दुसरीतली एक पोर लेखी चाचणीत वजाबाकीला शून्य. तिला घेऊन दुकानात गेलो. वीसची नोट दिली, तेरा रुपयांचा जिन्नस घेतला आणि किती परत यायला हवेत ते तिने दुकानदाराच्या आधी सांगितलं. आता तिच्या नोंदवहीत मी काय लिहू? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय नीट वाचा. पहिली-दुसरीला आकारिकला, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाला ७० गुण आणि संकलितला ३०. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिलीत. म्हणजे दुकानातली ती वजाबाकी अधिकृत मूल्यमापन आहे! कागदाने आपल्याला मोकळीक दिली होती, आपणच ती वापरली नाही. बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या आणि चाळीस मुलांना त्याच बारा वाक्यांत बसवून आपण मोकळे झालो.

गोदाकाठची ताई, तुमच्या त्या मुलाचं झालं ते यामुळेच. रागावू नका.

गोदाकाठची

रागावत नाही सर. अगदी तसंच झालं. मीही ती पुस्तिका वापरली आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन वर्गांच्या नोंदी पूर्ण करायच्या असतात आणि मुलाचा चेहरा डोळ्यापुढे आणायलाही वेळ उरत नाही.

पोरांची_आई

शिक्षक नाही, पालक म्हणून बोलते. मुलगी सहावीत, सिडकोतल्या शाळेत. तिच्या प्रगतिपत्रकावर गणितात 'क-२' आलं. आम्ही दोघंही दहावी शिकलेलो, आम्हाला वाटलं क म्हणजे नापासच. ती रात्रभर रडली. नंतर शेजारच्या बाईंनी सांगितलं की क-२ म्हणजे ४१ ते ५० टक्के. शाळेने पत्रकाच्या मागे हे छापलं असतं, किंवा बाईंनी दोन मिनिटं बोलून सांगितलं असतं, तर बरं झालं असतं. तुम्ही परीक्षा विभागात गेलात तर एवढं नक्की करा.

गोदाकाठची

करेन ताई. आमच्या पत्रकावरही श्रेणींचा खुलासा नाही, हे तुमचं वाचून आत्ता पाहिलं.

एमपीएससी_सिन्नर

वयाचा मुद्दा म्हणून लिहितो. ३५ असाल आणि खुल्या प्रवर्गातून असाल तर राज्यसेवेला ३८ पर्यंत बसता येतं, मागासवर्गीयांना ४३. उपशिक्षणाधिकारी गट ब, शिक्षणाधिकारी गट अ ही पदं तिथून भरतात. मी दोन वेळा मुलाखतीपर्यंत गेलो. अभ्यास मोठा आहे, नोकरी आणि घर सांभाळून वर्षभर तरी पहाटे उठावं लागेल. पण शाळा वर्गातून पाहिलेला माणूस अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसला की फरक पडतो, हे मी एका गट शिक्षणाधिकाऱ्यांच्या कामावरून सांगतो. ते शाळाभेटीला आले की आधी वर्गात बसायचे आणि शाळेची कागदपत्रं नंतर बघायचे.

सह्याद्रीपायथा

शिक्षणाचं राहिलं होतं. आपल्या नाशिकचंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ शालेय व्यवस्थापन पदविका चालवतं. नोकरी करता करता ती केलेले अनेक मुख्याध्यापक मी पाहिलेत. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. सोबत १९८१ ची नियमावली आणि माध्यमिक शाळा संहिता ही दोन पुस्तकं टेबलावर ठेवा. पदविकेपेक्षा ती जास्त उपयोगी पडतील असं माझं मत.

आणि शक्य असेल तर मंडळाच्या उत्तरपत्रिका तपासायला जरूर जा. नाशिक विभागीय मंडळाकडे नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार असे चार जिल्हे. परीक्षक म्हणून दोनेकशे उत्तरपत्रिका तपासल्या आणि नियामकाने, म्हणजे परीक्षकाचं काम पडताळणाऱ्याने, त्यातल्या काही उलगडून "इथे अर्धा गुण का कापला?" विचारलं की माणूस गुण देताना जबाबदार होतो. ते शिक्षण कोणत्याही पदविकेत नाही.

सातपूरवाला

पत्नीला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, "तास मागून घे" हा सल्ला तिला सात वर्षांपूर्वी कुणी दिला असता तर तिने नोकरी सोडली नसती. तिला भांडणांचा त्रास झाला नाही तेवढा मुलं नावाने हाक मारायची बंद झाली त्याचा झाला.

गोदाकाठची

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. काय झालं ते सांगते.

ज्येष्ठता यादी मागितली. सहावी आहे. सचिवांना तसं सांगितल्यावर ते मुख्याध्यापकपदाबद्दल पुन्हा बोलले नाहीत, आणि मलाही हलकं वाटलं. परीक्षा विभाग घेते म्हटलं, पण सातवी 'ब'चं गणित माझ्याकडे राहील आणि पत्रात पदनाम शिक्षक असेल या अटीवर. चार दिवस लागले. काल पत्र मिळालं, दोन्ही गोष्टी आहेत. अंतर्गत गुणांचं मी मुख्याध्यापिकांशी आधीच बोलले. त्या म्हणाल्या, कुणी आलं तर माझ्याकडे पाठव. पालकांसाठी श्रेणींचा तक्ता यंदाच्या पत्रकामागे छापायला दिला आहे.

आणि प्रश्नपेढी सर, तुम्ही लिहिलंत ते काल रात्री करून बघितलं. सातवी 'ब'ची मागची चाचणी, ४२ पेपर, हॉलमध्ये फरशीवर ओळीने मांडले. प्रश्न ७, वर्तुळाचा परीघ, बहुपर्यायी. खालच्या अकरांत सहा जणांचं बरोबर, वरच्या अकरांत फक्त दोघांचं. बाकीच्या नऊ जणांनी ८८ निवडलं होतं. प्रश्नात छापलंय "त्रिज्या १४ सेमी". उत्तरसूचीत ४४. म्हणजे सूची करताना मी १४ हा व्यास धरला होता. त्या नऊ मुलांनी बरोबर लिहिलं आणि मी लाल फुली मारली. एकाही मुलाने येऊन विचारलं नाही, मला याचं सर्वांत वाईट वाटलं.

सोमवारी वर्गात सांगणार आहे आणि पूर्ण वर्गाचा तो प्रश्न पुन्हा तपासणार आहे. दाखलखारीज दादा, गुणपत्रकात चाचणीचे गुण चढवून झालेत. जुना आकडा एका रेघेने खोडायचा ना?

दाखलखारीज

हो ताई. एकच रेघ, जुना आकडा दिसू द्या. शेजारी नवा आकडा, तुमची सही, तारीख, आणि शेऱ्यात "प्रश्न ७ ची उत्तरसूची दुरुस्त" असं लिहा. मग मुख्याध्यापिकांची सही घ्या. ज्यांचे गुण कमी होतील त्या मुलांना आधी जवळ बोलावून सांगा.